शिवसागरची हुसोरी

कामाख्या देवीचें नांव महाराष्ट्रांतील घराघरांत ठाऊक आहे. गुवाहाटीचें स्टेशन, नीलाचलाची चढण, ब्रह्मपुत्रेचें समुद्रासारखें पात्र आणि सवड असलीच तर काझीरंग्याचा एकशिंगी गेंडा, एवढ्यावर आपल्याकडील यात्रेकरूचें आसाम-दर्शन बहुधा आटोपतें. परंतु ज्यांस त्या प्रांताचें अंतरंग पाहावयाचें असेल, त्यांनीं देवीचा प्रसाद घेऊन तसेंच पूर्वेकडे चालूं लागावें आणि सुमारें साडेतीनशें किलोमीटरांवरील शिवसागर गांठावें. जावयाचें तें मात्र एप्रिलच्या मध्यास, म्हणजे मेषसंक्रांतीच्या सुमारास. आसामी वर्षाचा पहिला महिना बहाग, आपला वैशाख, तेव्हां सुरू होतो, आणि त्याबरोबरच रोंगाली बिहू.

आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव तिकडील तेलक्षेत्रांत नोकरीस आहेत. "काका, यंदा बिहूला याच," असें त्यांचें आर्जव तीन वर्षें चाललें होतें. अखेर माझी पत्नी, थोरल्या वहिनी आणि मी अशीं तिघें निघालों. गुवाहाटीहून रात्रीच्या गाडीनें निघून आम्ही सकाळीं सिमलुगुडी स्टेशनावर उतरलों. तेथून शिवसागर सोळा किलोमीटरांच्या आसपास आहे. वाटेंत चहाचे मळे, भाताचीं रिकामीं खाचरें, आणि प्रत्येक घराभोंवतीं सुपारीच्या झाडांची दाटी व तिच्यावर चढलेली नागवेल. एवढें पाहतांच वहिनी म्हणाल्या, "हें तर आमचें गुहागरच!" त्यांचें माहेर तिकडचें. पुढें चार दिवस त्यांना परक्या मुलुखांत आल्यासारखें वाटलें नाहीं.

शिवसागर ही आहोम राजांची भूमि. १२२८ सालीं पूर्वेकडील डोंगर ओलांडून सुकाफा नांवाचा वीर आपल्या अनुयायांसह येथें उतरला, आणि त्याच्या वंशानें १८२६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सहाशें वर्षें राज्य केलें. गांवाच्या मध्यभागीं एक प्रचंड तलाव असून त्याच्या कांठीं शिवदौल नांवाचें उंच शिखराचें मंदिर आहे. दोन्हीं कामें राजा शिवसिंहाच्या अंबिका नामक राणीनें १७३४ च्या सुमारास केलीं. तेथून थोड्या अंतरावर रंगघर लागतें. प्रमत्तसिंह राजाच्या कारकीर्दींत (१७४४ ते १७५१) बांधलेली ही दुमजली वास्तु, आणि तिचें छप्पर पालथ्या घातलेल्या होडीसारखें. वरच्या मजल्यावर बसून राजपरिवार समोरच्या मैदानांतील रेड्यांच्या झुंजी आणि बिहूचे खेळ पाहत असे. शेतकऱ्यांच्या या नाचगाण्यास राजाश्रय दिला तो रुद्रसिंहानें (१६९६ ते १७१४), अशी तिकडील परंपरा सांगते. राजे गेले, झुंजी गेल्या. बिहू मात्र राहिला.

बिहू वर्षांतून तीनदां येतो. आश्विन-कार्तिकाच्या संधीस येणारा काती बिहू हा कंगालांचा. त्या वेळीं कणगी रिकामी असते आणि पीक शेतांत उभें असतें. म्हणून तुळशीपाशीं आणि शेताच्या बांधावर एक दिवा लावून लोक शांतपणें धान्याचें क्षेम मागतात. माघ बिहू हा खाण्यापिण्याचा. तो आपल्या संक्रांतीस येतो. आणि बहाग बिहू तो रोंगाली, रंगाचा व आनंदाचा. त्याचा पहिला दिवस गुरांचा. त्यांना नदीवर नेऊन उडीद-हळदीचें उटणें लावून न्हाऊं घालतात, भोपळ्याच्या व वांग्याच्या फोडी चारतात आणि गोठ्यांत नवीं दावीं बांधतात. दुसरा दिवस माणसांचा. त्या दिवशीं लहानांनीं थोरांच्या पायां पडावें, घरच्या मागावर विणलेला पांढरा, तांबड्या कांठांचा गामोसा एकमेकांस द्यावा, आणि दही, गूळ, पोहे व तिळाचे पिठे यांचें जलपान करावें. दही-गूळ-पोहे पुढें येतांच आमच्या वहिनींनीं भाषेवांचून यजमानीणबाईंशीं सख्य जोडलें हें सांगावयास नकोच.

आमचे यजमान एका खेड्यांतील निवृत्त मास्तर. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं त्यांनीं आम्हांस आपल्या आंगणांत खुर्च्या मांडून बसविलें. शेणानें सारवलेलें स्वच्छ आंगण, एका बाजूस कणगी, दुसऱ्या बाजूस ओसरीवर माग. दिवेलागणीस फाटकाबाहेर ढोल वाजला आणि मास्तर लगबगीनें उठले. "हुसोरी आली," ते म्हणाले.

हुसोरी म्हणजे घरोघर जाऊन गाणारा-नाचणारा गांवचा मेळा. त्याचा प्रारंभ नामघरांत होतो. श्रीमंत शंकरदेवांनीं (१४४९ ते १५६८) आसामांत भक्तिमार्गाचा जो प्रसार केला, त्यांतून गांवोगांव उभें राहिलेलें हें प्रार्थनागृह. त्यांत बहुधा मूर्ति नसते, ग्रंथ असतो. भजन तेथेंच आणि गांवची पंचाईतहि तेथेंच. तेथें हरिनाम घेऊन मेळा निघतो तो एकेका घरीं आशीर्वाद देत जातो. आमच्यापुढें आलेल्या मेळ्यांत पंचवीसएक माणसें होतीं. पुरुषांनीं धोतर नेसून डोक्यास गामोसा बांधलेला. आठ मुली मुगा रेशमाच्या सोनेरी मेखेला-चादरींत, आणि त्यांच्या अंबाड्यांत कपौ नांवाचें जांभळट आमरीचें तुरेदार फूल. मास्तर म्हणाले, "आमच्या लहानपणीं हुसोरी पुरुषांचीच असे. स्त्रियांचा बिहू निराळा. पुरुषांच्या नजरेआड, झाडाखालीं, रात्रीं चाले. आतां मुलीहि येतात, आणि आल्या तें बरें झालें."

वाद्यें पाहण्यासारखीं होतीं. ढोल दुतोंडी, एका बाजूस काठी पडते, दुसऱ्या बाजूस तळहात. पेंपा हें म्हशीच्या शिंगाचें तोंडानें वाजविण्याचें वाद्य. त्याचा सूर कर्कश नसून आर्त असतो, आणि ढोल एकाएकीं थांबून एकटा पेंपा वाजूं लागला कीं सभोंवार शांतता पसरते. बांबूची चीर दातांपाशीं धरून बोटानें छेडावयाची ती गगना. स्त्रियांची गगना नाजूक. वाजविणें संपलें कीं ती अंबाड्यांत खोंवून ठेवावयाची. उभ्या चिरलेल्या बांबूचा टोका टाळ्यांसारखा वाजतो, आणि सुतुली नांवाची मातीची अर्धचंद्राकृति शिट्टी कोकिळेसारखी घुमते. यांतील एकहि वस्तु बाजारांतून आणलीच पाहिजे अशी नव्हती. बांबूचें बेट, गोठा, कुंभाराची माती आणि सुताराचें लांकूड एवढ्यावर सारा वाद्यवृंद उभा राहतो.

प्रथम मेळ्यानें वर्तुळ करून देवाचें नांव घेतलें. आवाज संथ, पावलें जड. मग ढोलाची लय चढली आणि बिहूगीतें सुरू झालीं. तीं दोन-चार ओळींचींच असतात. त्यांत प्रेम असतें, रुसवा असतो, माग असतो, नदीचा पूर असतो. एकानें म्हणावें आणि दुसऱ्यानें त्यास उत्तर जोडावें. मुली कंबरेवर हात ठेवून किंचित् पुढें झुकत, पुन्हा ताठ होत. ढोल वाजविणारा तरुण ढोलासकट गिरकी घेई, पण त्याचा एकहि ठोका चुकला नाहीं. हा नाच पाहणाऱ्यांकडे तोंड करून चालत नाहीं. तो वर्तुळांत चालतो आणि घर त्या वर्तुळाच्या बाजूस असतें, हें माझ्या ध्यानांत आलें.

अर्ध्या घटकेनें गाणें थांबलें. मास्तर आणि त्यांची पत्नी घरांतून बाहेर आलीं. हातांत कांशाची शराई, म्हणजे पायाची उभी तबकडी. तीवर पान-सुपारी, एक गामोसा आणि कांहीं रुपये. सत्तरी उलटलेले मास्तर त्या मेळ्यापुढें गुडघे टेकून बसले आणि त्यांनीं कपाळ भुईस लावलें. मेळ्यांत पंधरा-सोळा वर्षांचीं पोरें होतीं. त्यांतील कित्येक त्यांच्याच हाताखालीं शिकलेलीं. मुख्य गायकानें मोठ्यानें आशीर्वाद उच्चारला. घराचें, गुरांचें, शेताचें कल्याण चिंतिलें. दूर नोकरीस असलेल्या मुलाचें नांव घेतलें. आणि प्रत्येक वाक्यास बाकीच्यांनीं एकमुखानें दुजोरा दिला.

वहिनींना हें विलक्षण वाटलें. रात्रीं जेवतांना त्यांनीं विचारलेंच, "एवढे वडीलधारे तुम्ही, त्या पोरांपुढें कसे वांकलांत?" मास्तर हंसून म्हणाले, "बाइदेउ, मी पोरांपुढें वांकलों नाहीं. हुसोरी आंगणांत आली कीं ती पोरें राहत नाहींत. ती राइज होते."

राइज या शब्दास मराठींत नेमका जोड मिळत नाहीं. गांव म्हणावें तर त्यांत जमीन आणि घरेंहि येतात. लोक म्हणावें तर अगदींच मोघम होतें. एकत्र जमलेला, एकमतानें बोलणारा आणि म्हणूनच वंदनीय असलेला जो जनसमुदाय तो राइज. वर्षांतून एकदां तो प्रत्येकाच्या दारीं चालत येतो, घराची विचारपूस करतो, आणि श्रीमंत-गरीब न पाहतां सारख्याच शब्दांनीं सर्वांचें भलें चिंतितो. शराईवरचे पैसे कोणा एकाचे नसतात. या मेळ्याचे पैसे त्या वर्षीं नामघराच्या छपरासाठीं ठेवावयाचे होते. हें कळल्यावर हुसोरी हा केवळ नाच नव्हे, गांवानें गांवाची घेतलेली वार्षिक झडती आहे, असें मला वाटूं लागलें.

या नाचगाण्यास नेहमींच मान होता असें मात्र नाहीं. १९ व्या शतकांतील नवशिक्षित आसामी मंडळींपैकीं कित्येकांस बिहू ग्राम्य, किंबहुना असभ्य वाटे. त्यांतील शृंगार त्यांस खुपे, आणि तरुण-तरुणींनीं मोकळेपणें नाचणें त्यांस रुचत नसे. आपल्याकडे लावणीच्या वांट्यास जें आलें तेंच हें. पुढें विसाव्या शतकांत आसामी भाषेचा आणि आसामीपणाचा अभिमान जागा झाला, तेव्हां त्याच शिक्षित वर्गास उमगलें कीं, सर्व जातीजमातींस एकत्र बांधील असें आपल्यापाशीं जर कांहीं असेल तर तें हेंच. १९५२ सालीं गुवाहाटींतील लताशिल मैदानावर राधागोविंद बरुआ प्रभृतींच्या पुढाकारानें बिहूचा उत्सव व्यासपीठावर आला. तेव्हांपासून शहरोशहरीं बिहूचे मंडप पडूं लागले. भूपेन हजारिका यांच्यासारखा गायक आयुष्यभर त्या मंडपांतून गायिला. त्यांचें निधन २०११ सालीं आपल्या मुंबईंतच झालें. एप्रिल २०२३ मध्यें तर गुवाहाटीच्या सरुसजाई क्रीडांगणावर अकरा हजारांहून अधिक नर्तक-वादकांनीं एकत्र बिहू करून जागतिक विक्रम नोंदविला.

व्यासपीठाचे उपकार थोडे नाहींत. जी मुलगी पूर्वीं झाडाआड नाचे ती आज हजारों लोकांसमोर मान वर करून नाचते आणि बक्षीस घेते. शहरांतून बहागापूर्वीं महिनाभर वर्ग चालतात. ज्यांनीं खेडें पाहिलें नाहीं अशीं मुलेंहि तेथें ढोल शिकतात. परंतु व्यासपीठाला एकच बाजू असते. वर्तुळ मोडून रांग करावी लागते, प्रेक्षकांकडे तोंड करावें लागतें, आणि पंधरा मिनिटांत सारें आटोपावें लागतें. शिवाय, बिहू एकच एक नाहीं. मिसिंग, देउरी, मोरान, सोनोवाल कछारी अशा प्रत्येक समाजाचा ताल निराळा, पेहराव निराळा, वेळहि निराळी. परीक्षकांपुढें गुण मिळविण्याच्या ओढींत हे सारे भेद झिजून एक गुळगुळीत नमुना उरण्याचें भय असतें.

या गोष्टी मी पुस्तकी म्हणून सांगत नाहीं. आम्ही होतों त्याच गांवीं हा प्रश्न उभा राहिला. तिसऱ्या दिवशीं दुपारीं नामघरासमोर मेळ्याची बैठक बसली. शहरांतील एका मंडपांत त्याच संध्याकाळीं हुसोरीची स्पर्धा होती. नांव आधींच दिलेलें होतें. आदल्या दिवशीं पावसानें खोळंबा झाल्यामुळें गांवांतील अकरा घरें अद्याप राहिलीं होतीं, आणि पुढच्या दिवशीं मेळ्यांतील चौघे कामावर परत जाणार होते. स्पर्धा कीं अकरा घरें, एवढाच प्रश्न होता.

मास्तर आम्हांस शब्द न् शब्द समजावून सांगत होते. तो ढोल वाजविणारा तरुण प्रथम बोलला. त्याचें म्हणणें असें कीं, मंडपांत नांव झालें तर पुढचीं आमंत्रणें येतात, आमंत्रणांतून चार पैसे मिळतात. तसें झालें नाहीं तर पावसाळ्यानंतर आपल्याला दक्षिणेकडे कारखान्यांत जावें लागेल. "मग पुढच्या बहागाला ढोल कोण वाजवील? कोका, अकरा घरें राखाल आणि ढुलिया गमवाल." हें बोलणें उर्मटपणाचें नव्हतें; त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. पेंपा वाजविणाऱ्या प्रौढ गृहस्थांनीं त्याची बाजू घेतली. नांगरांच्या जागीं ट्रॅक्टर आले, म्हशी कमी झाल्या, चांगलें शिंग मिळेनासें झालें. कला जगवावयाची तर पैसा पाहिजे, असें ते म्हणाले.

मुख्य गायक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं राहिलेल्या अकरा घरांचीं नांवें एकेक करून उच्चारलीं. कोणत्या घरीं नवी सून आली आहे, कोणत्या घरीं मुलगा परीक्षेस बसला आहे, कोणत्या घरीं म्हातारी एकटी आहे, एवढेंच ते सांगत गेले. उपदेश त्यांनीं केला नाहीं. अकरावें नांव उच्चारून ते थांबले. कोणीच कांहीं बोलेना. शेवटीं मेळ्यांतील एक मुलगी म्हणाली, "घरें आधीं करूं, झपझप करूं, आणि वेळ उरला तर शहरांत जाऊं." सर्वांनीं मान डोलाविली. ढुलियानेंहि डोलाविली, पण त्यानें ढोल उचलला तो कोणाकडे न पाहतां.

त्या संध्याकाळीं आम्हीहि मेळ्यामागून हिंडलों. आठव्या कीं नवव्या घरीं ती एकटी म्हातारी राहत होती. गांव तिला आइता, म्हणजे आजी म्हणतो. दोन्ही मुलें दूरदेशीं. फाटकाशीं ढोल वाजतांच ती भिंतीला धरून बाहेर आली. तिच्या शराईवर पैसे नव्हते. एक गामोसा होता. मास्तरांनीं आम्हांस हळूच सांगितलें कीं, पूर्वीं ही बाई चैत्रांत वीस-वीस गामोसे विणी. आतां दृष्टि मंदावली, म्हणून साऱ्या महिन्यांत एवढा एकच झाला. बाजारांत यंत्रमागाचे गामोसे स्वस्त मिळतात. डिसेंबर २०२२ मध्यें आसामच्या गामोशास भौगोलिक मानांकन मिळालें, तरी परप्रांतीय नकलांचा पूर ओसरलेला नाहीं. आइतानें मात्र बाजारचा गामोसा शराईवर ठेवला नव्हता. कांठावरचें फूल एका ठिकाणीं वांकडें गेलें होतें.

तिला गुडघे टेकतां येईनात. तेव्हां मुख्य गायकच खालीं बसले, आणि त्यांच्याबरोबर सारा मेळा भुईवर बसला. बसूनच त्यांनीं आशीर्वाद म्हटला. दोन्ही मुलांचीं नांवें घेतलीं, नातवंडांचीं घेतलीं. ज्या ढुलियानें दुपारीं वाद घातला होता त्याच्या हातीं आइतानें तो गामोसा दिला. त्यानें तो कपाळास लावला आणि गळ्यांत घातला. मग उठून त्यानें असा ढोल वाजविला कीं, आदल्या दोन्ही दिवशीं तसा ऐकिला नव्हता. आमच्या वहिनी पदर डोळ्यांस लावून उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही नातू परदेशांत आहेत.

मेळा शहरांत पोंचला तेव्हां स्पर्धेची यादी मिटली होती. त्यांचें नांव पुकारून, वाट पाहून, खोडलें गेलें होतें. व्यवस्थापकांनीं सौजन्यानें त्यांस शेवटीं दहा मिनिटें दिलीं. बक्षिसाचा प्रश्नच नव्हता. ढुलियाचा प्रश्नहि सुटला नाहीं. पावसाळ्यानंतर तो दक्षिणेस गेला, असें पुतण्याच्या पत्रावरून समजलें. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, आणि गायकांचेंहि खोटें नव्हतें. कलेला पोटहि असतें आणि घरहि असतें. पोटाची सोय व्यासपीठ कांहीं अंशीं करतें. घराची सोय त्याच्याकडून होणें नाहीं. ती ज्याची त्यानें, आपल्या आंगणांत, आपल्या शराईवर जें काय असेल तें ठेवून करावी लागते.

आपल्याकडेहि वासुदेव दारीं येई, गोंधळी येत, आश्विनांत मुली आंगणांत भोंडल्याचा फेर धरीत. पुष्कळ घरांचीं आंगणें आतां जिन्यांत आणि गच्चींत हरवलीं आहेत, आणि दारीं येणाऱ्याची चौकशी आपण बंद दाराआडून करतों. म्हणून सांगावेंसें वाटतें कीं, सवड काढून बहागांत शिवसागरास जावें. एप्रिलमधें तिकडे अवेळीं पाऊस येतो, तेव्हां छत्री न्यावी. मांसमत्स्य वर्ज्य असल्यास यजमानांस आधीं सांगावें, ते आनंदानें निराळी चूल मांडतात. शहरांतील मंडपहि अवश्य पाहावा; तेथील तयारी आणि झगमगाट पाहण्याजोगा असतो. पण एक संध्याकाळ तरी कोणा खेडुताच्या आंगणांत बसावें. आणि तेथें हुसोरी आली, म्हणजे पाहुण्यानेंहि उठून उभें राहावें. कारण मेळ्याच्या आशीर्वादांत त्या वेळीं घरांत असलेल्या पाहुण्याचेंहि कल्याण चिंतिलेलें असतें.